सामाईक सर्व्हर आणि सौद्यांची वेळ

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. शेजारच्या दोन दुकानांसह आम्ही एकच लिनक्स सर्व्हर वापरतो. प्रत्येकाचा डेटाबेस स्वतंत्र आहे. सौदे संपल्यावर पट्ट्या (शेतकऱ्यांच्या विक्रीची हिशेबपत्रके) काढण्याची घाई असते आणि नेमका तेव्हाच शेजाऱ्यांचा बॅकअप किंवा मोठा अहवाल सुरू असला, की आमचे काम गोठते. सीपीयूचा वापर मात्र ३० टक्क्यांच्या आतच दिसतो. रॅम वाढवावी काय?

उत्तर : इतक्यात नको. सीपीयू मोकळा असूनही काम तुंबते, तेव्हा पहिला संशय डिस्कवर घ्यावा. लोड ॲव्हरेजवरून (चालू आणि खोळंबलेल्या कामांच्या सरासरी संख्येवरून) निदान करू नये, कारण लिनक्स त्यात डिस्कची वाट पाहणारी कामेही धरतो. त्याऐवजी, २०१८ च्या अखेरीस आलेल्या ४.२० कर्नलपासून (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्तीपासून) ‘प्रॉक’खालील ‘प्रेशर’ फोल्डरात मिळणारी आयओची, म्हणजे डिस्कवरील वाचन-लेखनाची, फाइल (/proc/pressure/io) पट्ट्या अडलेल्या असतानाच उघडावी (काही वितरणांत ही सोय बूट करताना चालू करावी लागते). तिथे ‘सम’ (some) या ओळीत ‘एव्हीजी १०’ (avg10) समोर ४० दिसले, तर गेल्या सुमारे १० सेकंदांत ४० टक्के वेळ कोणते ना कोणते काम डिस्कसाठी खोळंबले होते.

बॅकअप रात्री न्यावा. त्याला खर्च नाही. अहवाल दिवसाच हवे असतील, तर सिस्टमडीमध्ये (लिनक्सवरील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेत) तुमच्या डेटाबेस सेवेचे ‘आयओ वेट’ (IOWeight), म्हणजे डिस्कच्या वाटपातले वजन, नेहमीच्या १०० वरून वाढवावे. असे वजन ओढाताण असतानाच लागू होते आणि एरवी शेजाऱ्यांना पूर्ण वेग मिळतो, म्हणून ‘सीपीयू कोटा’सारख्या (प्रोसेसरच्या वेळेवरील) कायमच्या मर्यादेपेक्षा भागीदारीत ते मला अधिक न्याय्य वाटते. मात्र डिस्कला बीएफक्यू (BFQ) शेड्यूलर, म्हणजे डिस्ककडच्या मागण्यांचा क्रम ठरवणारा कर्नलचा भाग, नसेल, तर हा आकडा बहुधा कागदावरच राहतो. शिवाय अहवालाचे वाचन ज्या डेटाबेसमार्फत होते, त्याच्याच खात्यावर पडते; उद्या तिघांनी एकच डेटाबेस केला, तर हा उपाय निरुपयोगी ठरेल.

मेमरीचे गणित वेगळे आहे. बॅकअप मोठ्या फाइली वाचताना कॅशे (डिस्कवरील माहितीची रॅममधील तात्पुरती प्रत) भरून टाकतो आणि तुमच्या डेटाबेसची पाने (माहितीचे तुकडे) तिच्यातून बाहेर पडतात. म्हणून बॅकअपला सिस्टमडीतील ‘मेमरी हाय’ (MemoryHigh) ही मर्यादा लावावी, जेणेकरून त्या मर्यादेपुढे तो केवळ मंदावेल. ‘मेमरी मॅक्स’ (MemoryMax) ही कमाल मर्यादा मात्र डेटाबेसला तोकडी लावू नये, कारण ती गाठल्यावर जागा मोकळी झाली नाही, तर कर्नल डेटाबेसच बंद पाडतो. हे बदल ‘सिस्टमसीटीएल सेट-प्रॉपर्टी’ (systemctl set-property) या आदेशाला ‘रनटाइम’ (--runtime) पर्याय जोडून करावेत. काही बिनसले, तर सर्व्हर पुन्हा सुरू करताच ते पुसले जातात.