प्रत्येक घोटावर पहारा नको

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मॅनोमेट्रीचा, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या टेस्टचा, रिपोर्ट ताईने पाठवला. 'इनइफेक्टिव्ह इसोफेजियल मोटिलिटी' (अन्ननलिकेची हालचाल कमजोर) हे नाव वाचून तुझी झोप उडाली आहे, मेसचं जेवण सोडून तू ताक आणि केळ्यावर आला आहेस आणि पेठेतल्या खोलीवर मध्यरात्री मोबाईलवर रोग शोधत बसतोस, हेही तिनेच सांगितलं. ती घाबरली आहे. मी नाही घाबरले. आयुष्यभर हीच टेस्ट करत आले, म्हणून सविस्तर लिहिते.

अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांब असते. घास घशातून सुटला की त्याला खाली रेटणारी एक लाट आपोआप निघते, आठ-दहा सेकंदांत पोटाच्या तोंडाशी पोचते आणि तिथली झडप तेवढ्यापुरती सैल होते. टेस्टमध्ये आम्ही आडवं झोपवून 5 मिलीचे 10 घोट देतो. त्यातल्या सातांपेक्षा जास्त लाटा कच्च्या पडल्या, किंवा निम्म्या आल्याच नाहीत, की रिपोर्टात हे नाव छापलं जातं. काहीही तक्रार नसलेल्या माणसांतही असे आलेख दिसतात. मी आधी झडपेचा आकडा बघितला. ती नीट सैल होते आहे. म्हणजे तू ज्याच्याबद्दल रात्रभर वाचत होतास तो अकॅलेझिया हा नव्हे. अकॅलेझियात झडप उघडत नाही आणि लाटही नसते. (त्यावरही आज इलाज आहेत. 1674 मध्ये थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने अशाच एका रुग्णाला व्हेलच्या हाडाच्या टोकाला स्पंज बांधून दिला होता, घास खाली ढकलायला! आता फुग्याने झडप ताणतात, शस्त्रक्रिया करतात, नाहीतर दुर्बिणीतून आतला स्नायू कापतात.)

आता रिपोर्टाचं दुसरं पान काढ. नाकातून घातलेली नळी तुला आठवत असेल, आणि 'आता गिळू नका' असं सांगितल्यावर काय झालं तेही. सगळ्यांचं तेच होतं. एरवी ज्याची आठवणही नसते तो आवंढा नेमका त्याच अर्ध्या मिनिटात गिळावासा वाटतो, डोळ्यांत पाणी येतं, माणूस चादर घट्ट धरून ठेवतो. शेवटी तुला 2-2 मिली पाणी भराभर पाच वेळा गिळायला लावलं असेल. त्या वेळी पडद्यावर खालची नलिका गप्प झालेली दिसते. पुढचा घोट आला की आधीची लाट थांबवायची, अशीच शरीराची रचना आहे. पाचवा घोट संपला की मग एक जोरकस लाट येते. तुझ्या आलेखात ती आली आहे, चांगली ठसठशीत. म्हणजे स्नायूंत जोर आहे.

यावरून तुझ्या खोलीत दिवसभर काय चालतं ते बघ. काहीतरी अडकलंय असं वाटलं की तू आवंढा गिळून बघतोस. मग परत, मग परत. प्रत्येक नवा आवंढा मागच्या लाटेला अडवतो, तोंडातली लाळ संपते, कोरडं गिळणं आणखी जड जातं, सोबत हवा पोटात जाते आणि ढेकर सुरू होतात. तपासून बघण्यातूनच तक्रार वाढते. म्हणून गिळलंस की थांब. दहा सेकंद काही करू नकोस. फारच वाटलं तर कोमट पाण्याचा एक घोट घे, एकच.

डॉक्टर 'टेन्शनमुळे आहे' म्हणाले याचा तुला राग आला. बरोबर आहे, ते वाक्य अनेकदा दार लावून घेतल्यासारखं म्हटलं जातं. पण तुला होतं ते खोटं आहे असा त्याचा अर्थ नाही. अन्ननलिकेकडे सतत लक्ष लागलं की तिथल्या साध्या हालचालीही जाणवू लागतात, आणि त्रास किती होतो हे पुष्कळदा नळीतल्या आकड्यांपेक्षा या लक्ष ठेवण्यावर ठरतं. पोटाने सावकाश श्वास घेणं, समुपदेशकाकडे जाणं, कमी मात्रेतली नसा शांत करणारी गोळी, हे सगळं या आजाराच्या उपचारातलंच आहे. गोळीच्या पाकिटावर डिप्रेशनचं औषध लिहिलेलं दिसलं तर आपल्या मनाने ती बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार.

जेवणाचं म्हणशील तर ताक-केळ्यावर राहू नकोस. जितकं टाळशील तितकी भीती वाढते आणि वजन उतरतं. भाकरी आमटीत कुस्कर, कोरडा भात आणि ब्रेड थोडे दिवस बाजूला ठेव, घास लहान घे, ताठ बसून जेव. खोलीत डबा आणून एकट्याने जेवू नकोस. मेसमध्ये मित्रांसमोर बस, लक्ष त्यांच्या गप्पांत राहू दे. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत, कारण लाट कच्ची असली की वर आलेलं आम्लही लवकर उतरत नाही. उशांचा ढीग लावू नकोस, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा दे. आणि मुरमांसाठी डॉक्सीसायक्लिन घेत असशील तर कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर, बसून घे. कोरडी गिळून आडवं झाल्यावर अन्ननलिकेत जखम झालेली पोरं मी पाहिली आहेत.

काही गोष्टी मात्र टेन्शनच्या खात्यात टाकायच्या नाहीत. घास अडकून लाळही गिळता येईना, तर थेट कॅज्युअल्टीत जा. पाणीसुद्धा अडकू लागलं, वजन घटत गेलं, रात्री खाल्लेलं वर येऊन ठसका लागला, उलटीत रक्त किंवा काळी शी दिसली, तर डॉक्टरांकडे लगेच. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, तर आधीचा ईसीजी नॉर्मल होता म्हणून बसून राहू नकोस, नवा काढ.

पुढच्या भेटीत दोन प्रश्न विचार: आम्लाची 24 तासांची तपासणी लागेल का, आणि ॲसिडिटीची गोळी किती दिवस घ्यायची. वजन आठवड्यातून एकदाच कर. रिपोर्टाची फाईल ताईकडे देऊन टाक, आणि आज रात्री मेसला जा.

तुझी,
मावशी