गाईड पथकातील शिवणकाम : एका नव्या कॅप्टनला पत्र

प्रिय कॅप्टन,

शाळेने गाईड पथकाची जबाबदारी तुझ्याकडे सोपवली आणि शनिवारच्या तासिकांपैकी काही तू शिवणकामाला देणार आहेस, हे वाचून समाधान वाटले. मोबाइल बाजूला ठेवून मुलींना सुई हाती धरायला कसे लावावे, असे तू विचारले आहेस. मला त्याची फारशी चिंता वाटत नाही, कारण चार मैत्रिणी गोल करून बसल्या की पाचवी आपणहून येते. विचार करायचा तो याचा, की अकराव्या-बाराव्या वर्षी हाती आलेली सुई काही बायकांच्या हातात चाळिशीनंतरही टिकते आणि बहुतेकींच्या हातून मात्र दहावीच्या आतच सुटते, असे का व्हावे. माझे मत असे झाले आहे की किती टाके शिकवले याचा त्याच्याशी थोडाच संबंध आहे. वस्तू कोणासाठी शिवली आणि ती पुढे खरोखर वापरली गेली की नाही, यावर ते बरेचसे ठरते.

कार्यानुभवाची नमुना वही तुझ्याही वाट्याला आली असेल. मांजरपाटाचे चौकोनी तुकडे, एकावर धावदोरा, एकावर हेम, एकावर काज, सगळे डिंकाने चिकटवलेले आणि खाली दहापैकी गुण. त्या वह्या तपासायच्या आदल्या रात्री घरोघरी आयाच पूर्ण करीत असत, हे शिक्षकांनाही ठाऊक असे. त्या तुकड्याचा पुढे काहीच उपयोग नसतो, त्यामुळे काज वाकडे झाले तरी बिघडत नाही आणि सुबक झाले तरी गुणांपलीकडे काही साधत नाही. पथकात तू ही वही आणू नकोस, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्याऐवजी स्कार्फपासून सुरुवात कर. गाईडचा स्कार्फ तिकोनी असतो आणि त्याच्या दोन बाजू 70 ते 80 सेंटिमीटर असाव्यात असा नियम आहे. हल्ली तो तयारच विकत आणतात, आणि शिकण्याची एक उत्तम संधी आपण दुकानदाराला देऊन टाकतो. दुमडीपुरते वाढीव माप धरून सुती कापडाचा चौरस घेतला आणि तो कर्णावर कापला, की त्यातून दोन स्कार्फ निघतात. म्हणून मुलींच्या जोड्या लाव आणि प्रत्येकीला स्वतःचा नव्हे, तर जोडीदारणीचा स्कार्फ शिवायला दे. त्यातल्या दोन बाजू कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याने जातात, तिथे दुमड सरळ बसते आणि हेम पटकन होते. तिसरी बाजू उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, असते, ती जरा ओढली की लांबते, आणि घाईने शिवणाऱ्या मुलीच्या हाती लाटा आलेली कड येते. हे आधी सांगून टाकू नकोस, तिला ते दिसू दे. मग उसवायला लाव, दुमडीवर इस्त्री फिरव, कच्चा टाका घालून घे, आणि पक्की शिलाई करताना कापड न ओढता मांडीवर सैल ठेवायला सांग. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टीच का लावतात, हे त्या मुलीला पुढे कोणी समजावून द्यावे लागत नाही. आणि मैत्रीण तोच स्कार्फ घालून ध्वजवंदनाला उभी राहणार आहे हे माहीत असल्यामुळे उसवण्याचा कंटाळाही ती सहसा करीत नाही.

दुसरी गोष्ट टोळीची. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या शिबिरात मुलांच्या छोट्या टोळ्या पाडून प्रत्येकीला त्यांच्यातलाच नायक दिला, आणि ती पद्धत आजही आपल्या कामाचा कणा आहे. तू सगळ्या पथकाला एकदम शिकवत बसू नकोस. टोळीनायिकांना आधी बोलावून घे, त्यांना शिकव, आणि आपापल्या सहा-सात जणींना त्यांना शिकवू दे. दोरा कोपरापासून बोटांपर्यंतच घ्यायचा, नाहीतर गुंता होतो, हे बाईंनी सांगितलेले मुली विसरतात, पण टोळीनायिका त्यावरून ओरडली की त्यांच्या कायमचे लक्षात राहते. (ती ओरडेलच. त्यात पडू नकोस.)

स्पर्धा मात्र ठेवू नकोस. आपल्या प्रावीण्य पदकाची रीतच अशी आहे की जिचे काम ठरलेल्या कसोटीला उतरले तिला ते मिळते, मग अशा मुली तीन असोत की तेरा. अमेरिकेत 1902 मध्ये ओहायो राज्यातल्या क्लार्क कौंटीत ज्या मुलांच्या मंडळापासून फोर-एच या मुलामुलींना प्रत्यक्ष कामातून शिकवणाऱ्या चळवळीची सुरुवात मानतात, त्या चळवळीतही शिवणकाम फार जुने आहे. तिथल्या अनेक जत्रांमध्ये मुलांनी शिवलेले कपडे एकमेकांशी न तोलता ठरलेल्या दर्जाशी ताडून निळी, लाल किंवा पांढरी फीत देतात, त्यामुळे एकाच वेळी अनेकांना निळी फीत मिळू शकते. पहिला-दुसरा क्रमांक काढला की हात चांगला असलेली एकच मुलगी शिवत राहते आणि बाकीच्या ‘हे आपले काम नाही’ असे ठरवून मोकळ्या होतात.

शिबिरात दुरुस्तीचे काम मुद्दाम मुलींकडे दे. तंबूची झडप फाटली, तर जाड सुई घेऊन दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढायला लाव, म्हणजे तो कॅनव्हासमधून सहज सरकतो आणि पिळत नाही. ठिगळ बेढब दिसेल, ते दिसू दे, रात्री वारा आत आला नाही म्हणजे झाले. माझ्या पथकातल्या ज्या मुली आज घरातल्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात किंवा लोकलमध्ये बसून क्रोशाचे रुमाल विणतात, त्या तेव्हा सर्वांत सुबक टाका घालणाऱ्या होत्या असे मुळीच नाही. काही फाटले की ‘आण इकडे’ म्हणून हात पुढे करणाऱ्या त्या होत्या.

शिलाई मशीन पहिल्या वर्षी नको. मशीनवर एकच जण बसते आणि बाकीच्या वाट पाहतात. हातशिलाईत सगळ्यांचे हात एकाच वेळी चालतात आणि गप्पाही होतात, आणि पुष्कळ मुली त्या गप्पांसाठीच येतात. स्काऊटच्या मुलांनी यायचे म्हटले तर त्यांनाही घे. गणवेशाची बटणे त्यांचीही तुटतात.

जिला शिवण मनापासून आवडत नाही तिला शिट्टीची दोरी गुंफायला दे, ते कामही पथकाला लागतेच. कापडासाठी शाळेकडे पैसे मागण्यापूर्वी ‘खरी कमाई’च्या, म्हणजे मुलींनी स्वतः कामे करून मिळवलेल्या, रकमेतून मांजरपाटाचा एक तागा घ्यावा. सुया 7 किंवा 8 नंबरच्या आण, याहून बारीक सुईत नवशिक्यांना दोरा ओवता येत नाही. पहिले स्कार्फ तयार झाले की कळव, उरेब बाजू कशी झाली तेवढे मात्र आवर्जून लिही.

तुझी,
बाई