सारखं तोंड येतं, जेल चालू आहे; सोबत आयुर्वेदिक गुळण्या केल्या तर गुण येतो का? कोणता माउथवॉश घ्यावा?

येतो. कंपनी मात्र मला विचारू नका, मी बाटलीतलं वापरलंच नाही.

मी पहिलीला शिकवते. दोन वर्षांपूर्वी जिभेच्या शेंड्याला फोड आला, तो बरा होतोय तोवर शेजारी दुसरा. दोन महिने हेच. ट-ठ-ड-ढ म्हणताना जीभ टाळूकडे वळवावी लागते, नेमका तिथेच ठणका. शेवटी फळ्यावर 'ठ' काढून मी गप्प उभी राहायचे, पोरंच ओरडायची. डब्यात रोज दहीभात. जेल लावलं की अर्धा तास बरं, की पुन्हा तेच.

आई म्हणाली, जाईचा पाला चघळ. फोडांमुळे चघळता येईना, म्हणून काढा केला. मूठभर पानं, चमचाभर ज्येष्ठमधाची भरड, दोन पेले पाणी, निम्मं होईस्तोवर उकळायचं. गाळून कोमट झालं की तोंड भरून नुसतं धरून ठेवायचं, खुळखुळवायचं नाही. यालाच गंडूष म्हणतात. नाका-डोळ्यांतून पाणी यायला लागलं की थुंकायचं. आधी तुरटपणाने जीभ आखडते, मग ठणका उतरतो. चौथ्या दिवशी मी वरणभात जेवले, लिंबू पिळून!

माझ्या नणंदेचं मेडिकल आहे. भर बारशात म्हणाली, "वहिनी, पाला खायला शेळी झालीस का गं?" आणि हिच्याच काउंटरवर 'हर्बल' लिहिलेल्या हिरव्या बाटल्यांची रांग. तसली घेणारच असाल तर लेबल वाचा; अल्कोहोल असेल तर कच्च्या फोडावर नुसती आग होते.

आता हेही सांगते, की रक्त तपासायचा धोशा तिनेच लावला. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व 118 निघालं, म्हणजे फारच कमी. इंजेक्शनं घेतली तेव्हा कुठे फोड यायचे थांबले. आलेला फोड काढ्याने सोसवत होता, नवा यायचा थांबत नव्हता. तेव्हा तपासणी करूनच घ्या. बीपी असेल तर ज्येष्ठमध गिळू नका. आणि एकच फोड तीन आठवडे भरत नसेल, त्यात तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर काढ्यात दिवस घालवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

पण नणंद अजून सगळ्यांना सांगते, "वहिनी इंजेक्शननेच बरी झाली." अगं बाई, रिपोर्ट येऊन इंजेक्शनं लागू पडेपर्यंत मी वर्गात 'ठ' कसा म्हणत होते, ते विचार की एकदा.