बेरशेव्यात इस्रायली समाजाचा अभ्यास: एका विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र काळजीपूर्वक वाचले. पुण्यात समाजशास्त्राची एम. ए. पूर्ण झाल्यावर इस्रायली समाज आणि संस्कृती यांचा अभ्यास करण्यासाठी बेरशेव्याच्या बेन-गुरियन विद्यापीठात यावे की लंडन-अमेरिकेकडे वळावे, हिब्रू येत नसताना निभाव लागेल का, ज्यू नसल्यामुळे अडचण येईल का, आणि घरच्यांना सुरक्षिततेबद्दल काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजातला. स्थलांतरानंतर इस्रायलच्या दक्षिणेकडील नेगेवमध्ये स्थायिक झालो आणि नोकरी सांभाळून याच विद्यापीठात हा विषय शिकलो, त्यामुळे जे प्रत्यक्ष माहीत आहे तेवढेच लिहितो.

इस्रायल स्टडीज हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून फार जुना नाही. या क्षेत्रातील अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८५ साली स्थापन झाली. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत १९९८ साली केंद्र सुरू झाले आणि मॅसॅच्युसेट्समधील ब्रँडाइस विद्यापीठातील शुस्टरमन केंद्र २००७ सालचे आहे. लंडनच्या सोआस या आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाला वाहिलेल्या संस्थेतही हा विषय दीर्घकाळ शिकवला गेला आहे. या ठिकाणी उत्तम ग्रंथालये आहेत, शिक्षक नामवंत आहेत आणि पुढे अध्यापनाची नोकरी शोधताना त्यांच्या नावाचे वजन पडते. तरीही तुमचा कल राज्यशास्त्राकडे नसून समाजाकडे असेल, आणि तुमच्या पत्रावरून तो तसा दिसतो, तर बेरशेव्याला यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेल अवीव किंवा जेरुसलेमऐवजी बेरशेवाच का, हे थोडे विस्ताराने सांगतो.

इस्रायलचे पहिले पंतप्रधान दाविद बेन-गुरियन यांनी १९५३ साली पंतप्रधानपद सोडले आणि ते नेगेवच्या वाळवंटातील स्दे बोकेर या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, राहायला गेले, कारण देशाची कसोटी या दक्षिण भागात लागेल अशी त्यांची धारणा होती. त्याच विचारातून १९६९ मध्ये नेगेव विद्यापीठ उभे राहिले आणि १९७३ साली बेन-गुरियन यांचे निधन झाल्यावर त्याला त्यांचे नाव देण्यात आले. मुख्य परिसर बेरशेव्यात आहे. त्याच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर स्दे बोकेरचा परिसर असून तिथे बेन-गुरियन यांचा दस्तऐवज-संग्रह आणि झिन दरीच्या कडेला त्यांची व पत्नी पाउला यांची समाधी आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी माध्यमातून चालणारा वुडमन-शेलर इस्रायल स्टडीज कार्यक्रम याच विद्यापीठाचा. झायोनवादाचा, म्हणजे ज्यूंसाठी स्वतंत्र राष्ट्र मागणाऱ्या चळवळीचा, इतिहास, राज्यस्थापनेपूर्वीचा ज्यू समाज, अरब-इस्रायल संघर्ष, हिब्रू साहित्य, स्थलांतर आणि वांशिक गट हे त्यातील मुख्य विषय होत.

हे विषय पुस्तकात कुठेही वाचता येतात. बेरशेव्यात मात्र वर्गाबाहेर पडले की तेच विषय समोर उभे असतात. १९५० च्या दशकात मोरोक्को, इराक, रुमानिया आणि भारत येथून आलेल्या लोकांना आधी तंबूंच्या व पत्र्याच्या छावण्यांत, ज्यांना इथे माआबरा म्हणतात, ठेवण्यात आले आणि मग दिमोना, येरुहाम, ओफाकिम अशा नव्याने वसवलेल्या ‘विकास-नगरां’त पाठवण्यात आले. युरोपातून आलेले अश्केनाझी आणि आशिया-आफ्रिकेतून आलेले मिझ्राही यांच्यातील दरी त्या घरवाटपातून आणि नोकऱ्यांतून रुंदावली. १९५९ मध्ये हैफाच्या वादी सालिब वस्तीत झालेला उद्रेक, १९७१ मधील जेरुसलेमच्या ‘ब्लॅक पँथर्स’ तरुणांची निदर्शने आणि १९७७ साली उजव्या लिकुद पक्षाचे मेनाखेम बेगिन यांनी मजूर पक्षाची अखंड सत्ता मोडून काढली ती निवडणूक, या तिन्ही घटनांना बांधणारा धागा याच नगरांतून जातो. आपल्याकडे दलित पँथर १९७२ साली स्थापन झाली. तिची आणि जेरुसलेमच्या या तरुणांची प्रेरणा अमेरिकेतील एकाच चळवळीतून आली होती, हे लक्षात घेतले तर महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याला तुलनेचा एक फार चांगला विषय मिळतो.

नेगेवचे दुसरे वास्तव म्हणजे बेदुइन अरब. सुमारे तीन लाख बेदुइन येथे राहतात. काही राहात शहरासारख्या नियोजित वस्त्यांत, तर बरेच जण अशा गावांत, ज्यांना सरकारी मान्यता नाही आणि म्हणून वीज-पाण्याची जोडणीही नाही. विद्यापीठात बेदुइन विद्यार्थिनी मोठ्या संख्येने दिसतात आणि त्यांच्याशी झालेल्या एका संभाषणातून जमिनीच्या प्रश्नाविषयी जे समजते ते अनेक प्रकरणे वाचूनही समजत नाही. इस्रायलच्या लोकसंख्येत अरब नागरिक साधारण एक-पंचमांश आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांवर १९६६ पर्यंत लष्करी प्रशासन होते, हे तुम्ही येण्यापूर्वीच नीट वाचून ठेवा. त्याशिवाय इस्रायली लोकशाहीवरील कोणतीही चर्चा अपुरी राहते.

अशा कार्यक्रमांत सरकारी बाजूच शिकवली जात असेल, अशी शंका तुम्ही व्यक्त केली आहे. शंका रास्त आहे आणि कोणत्याही देशाच्या अभ्यासाविषयी ती घ्यायलाच हवी. माझ्या अनुभवात मात्र वर्गातील वाद अतिशय मोकळा आणि कधीकधी भारतीय कानांना कठोर वाटावा असा असतो. १९४८ साली पॅलेस्टिनी निर्वासित का व कसे झाले याची जुनी मांडणी दस्तऐवजांच्या आधारे तपासणारे इतिहासकार बेनी मॉरिस याच विद्यापीठात प्राध्यापक होते. इथल्या राज्यशास्त्र विभागावर तो डावीकडे झुकलेला असल्याची टीका होत होती आणि २०१२ मध्ये उच्च शिक्षण परिषदेच्या एका उपसमितीने त्या विभागातील नवे प्रवेश थांबवण्याची शिफारस केली. देशात आणि परदेशात त्यावर गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी ती शिफारस बाजूला पडली. विद्यापीठ आणि सत्ता यांच्यातील हा ताण अभ्यासक्रमाचाच भाग समजावा. साहित्याकडे ओढा असेल तर आमोस ओझ आणि आहारोन आपेलफेल्ड हे दोघेही लेखक येथे हिब्रू साहित्य शिकवत असत, हेही सांगून ठेवतो. प्राध्यापकांना येथे पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्याला ‘सर’ म्हणण्याची सवय असते, ती पहिल्या सत्रात मोडावी लागते. तुमचे बहुतेक इस्रायली सहाध्यायी सक्तीची लष्करी सेवा करून आलेले आणि त्यामुळे वयाने थोडे मोठे असतील. त्यांच्या बोलण्यात तो अनुभव असतो आणि तो ऐकून घेण्याची तयारी लागते, पटला नाही तरीही.

आता हिब्रूचा प्रश्न. व्याख्याने, निबंध, परीक्षा इंग्रजीत असल्यामुळे हिब्रूशिवाय पदवी मिळते. परंतु जेरुसलेमचे मध्यवर्ती झायोनिस्ट अभिलेखागार, राज्य अभिलेखागार, राष्ट्रीय ग्रंथालय आणि स्दे बोकेरचा संग्रह यांतील बहुतांश कागद हिब्रूत आहेत. हिस्ताद्रुत या कामगार महासंघाचे दैनिक ‘दावार’ १९२५ ते १९९६ चालले. इस्रायली समाज स्वतःकडे कसा पाहत होता हे त्याच्या पानांत सापडते आणि ती पाने संगणकावर सहज उपलब्ध आहेत, पण वाचता आली तर! म्हणून पुण्यातच अक्षरओळख आणि पाया पक्का करा आणि येथे सत्र सुरू होण्यापूर्वीच्या उल्पानला, म्हणजे सघन हिब्रू वर्गाला, न चुकता बसा. उच्चारांची फारशी भीती बाळगू नका, मराठी माणसाला ‘च’ आणि ‘त्स’ यांतील फरक शिकवावा लागत नाही. जमले तर बोली अरबीचेही थोडे शिक्षण घ्या. नेगेवमध्ये त्याचा उपयोग रोज होतो.

मात्र तुमच्याकडे एक भाषा आहे जी वर्गातील इतर कोणाकडे बहुधा नसेल, आणि तिच्याविषयी मला सर्वांत अधिक आग्रहाने लिहायचे आहे. बेने इस्राएल समाजाचा इतिहास मराठीत आहे. परंपरेनुसार आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचला जाणारा हगादा हा ग्रंथ १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने झाली. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. दिमोना, अश्दोद, लोद, रामले आणि बेरशेवा येथील वृद्ध मंडळी आजही घरात मराठी बोलतात. तरीही या समाजाचे इस्रायलमधील जीवन बव्हंशी इंग्रजी आणि हिब्रू साधनांवरून लिहिले गेले आहे. मानववंशशास्त्रज्ञ शाल्वा वाइल यांचे लोद येथील बेने इस्राएलांवरील काम मोलाचे आहे, पण एवढ्या मोठ्या विषयाला अनेक हात हवेत.

दोन प्रसंग तुमच्या प्रबंधासाठी सुचवतो. १९५१ च्या अखेरीस आमच्या समाजातील काही कुटुंबांनी, वर्णावरून भेदभाव होत असल्याची तक्रार करीत आणि भारतात परत पाठवण्याची मागणी करीत, तेल अवीवमध्ये स्थलांतरितांची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या दारी धरणे धरले. सत्याग्रहाची रीत त्यांनी मुंबईतून बरोबर आणली होती. १९५२ मध्ये त्यांच्यापैकी अनेकांना खरोखरच विमानाने परत पाठवण्यात आले आणि पुढे काही जण पुन्हा इस्रायलला आले. दुसरा प्रसंग १९६० नंतरचा: विवाहनोंदणीच्या वेळी बेने इस्राएलांची वंशावळ तपासावी, असे निर्देश ज्यू धर्मगुरूंच्या प्रमुख रब्बीमंडळाने दिले, त्याविरुद्ध समाज रस्त्यावर उतरला आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केल्यावर रब्बीमंडळाला माघार घ्यावी लागली. ज्यू कोण हे कोणी ठरवायचे, धर्मसंस्थेने की राज्याने, हा इस्रायली समाजाचा मूलभूत प्रश्न आहे आणि त्याची एक निर्णायक फेरी मराठी बोलणाऱ्या लोकांनी लढवली. माझ्या आजोबांच्या पिढीची ही गोष्ट कोणी त्यांच्याच भाषेतील साधनांवरून लिहावी, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

ज्यू नसल्यामुळे वर्गात कोणतीही अडचण येत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र तुमची आणि माझी वाट वेगळी आहे. मी ज्यूंना इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्याखाली आलो आणि नागरिक झालो. तुम्हाला ए-२ हा विद्यार्थी व्हिसा मिळेल. त्यावर नोकरी करता येत नाही आणि त्यातून कायम वास्तव्याचा हक्कही निर्माण होत नाही. म्हणून पूर्ण काळाचा खर्च आधी हाती असल्याशिवाय निघू नका. इस्रायल सरकारच्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आहेत, त्यांची चौकशी दूतावासाकडे करा. रविवारी आठवडा सुरू होतो आणि शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत बसगाड्या व रेल्वे बंद असतात, हे प्रवास आखताना ध्यानात ठेवा.

सुरक्षिततेबद्दल घरच्यांपासून काही लपवू नका. बेरशेवा गाझापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली, त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारोंच्या संख्येने पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले आणि त्या वर्षीचे शैक्षणिक सत्र डिसेंबरच्या अखेरीस सुरू झाले. १९ जून २०२५ रोजी इराणचे क्षेपणास्त्र विद्यापीठाला लागूनच असलेल्या सोरोका रुग्णालयावर पडले. भारत सरकारने २०२३ मध्ये ‘ऑपरेशन अजय’ आणि २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंधू’ राबवून आपल्या नागरिकांना परत नेले; आल्या आल्या दूतावासात नाव नोंदवावे ते यासाठी. घर घेताना ‘ममाद’, म्हणजे घरातील काँक्रीटची सुरक्षित खोली, आहे की नाही हे पहिल्यांदा विचारा. तो नियम १९९१ च्या आखाती युद्धानंतरचा असल्यामुळे विद्यापीठाभोवतालच्या जुन्या, स्वस्त इमारतींत ही खोली सहसा नसते. अशा वेळी सार्वजनिक आश्रयस्थान किती अंतरावर आहे ते स्वतः चालून पाहा. गाझाकडून मारा होतो तेव्हा भोंगा वाजल्यावर साधारण एक मिनिट मिळते.

पुढील नोकरीचा विचार करताना इस्रायलच्या पॅलेस्टिनी धोरणाच्या निषेधार्थ तिथल्या विद्यापीठांवर घातल्या जाणाऱ्या शैक्षणिक बहिष्काराचीही जाणीव ठेवा. जोहान्सबर्ग विद्यापीठाने २०११ मध्येच बेन-गुरियन विद्यापीठाशी असलेला औपचारिक संबंध तोडला आणि अलीकडच्या युद्धानंतर असे दबाव अनेक देशांत वाढले. काही परिषदांत, काही विभागांत या पदवीमुळे तुम्हाला प्रश्न विचारले जातील. बहिष्काराचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे मुळातून वाचून या, म्हणजे स्वतःचे उत्तर स्वतःला देता येईल. भारतात परतायचे झाल्यास जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे पश्चिम आशिया अध्ययन केंद्र आणि सोनीपतच्या जिंदाल विद्यापीठातील इस्रायल अभ्यास केंद्र ही स्वाभाविक ठिकाणे आहेत. भारताने इस्रायलला १९५० साली मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये आले. त्यामुळे आपल्याकडे या विषयाचे अभ्यासक थोडे आहेत आणि संरक्षण-परराष्ट्र धोरणापलीकडे समाज जाणणारे तर फारच थोडे.

प्रवेशअर्ज भरताना प्रबंधासह असलेला पर्यायच निवडा, कारण प्रबंधाविना घेतलेल्या पदवीवर येथे पीएच. डी.चा प्रवेश सहजी मिळत नाही. अर्जापूर्वी संभाव्य मार्गदर्शकाला एका पानात तुमचा प्रश्न लिहून पाठवा आणि त्यात मराठी साधनांचा उल्लेख ठळकपणे करा. वरीलपैकी एखादा विषय घेण्याचे ठरले तर मला लगेच कळवा; १९५१ चे धरणे पाहिलेली माणसे आता फार वयस्क आहेत, तुम्ही येईपर्यंत दिमोना आणि अश्दोदमधील ओळखीच्या कुटुंबांशी मी बोलून ठेवीन.