काळी नदीकाठच्या पहिल्या मुक्कामापूर्वी

सोलापूरहून विजापूर-धारवाडमार्गे दांडेलीच्या जंगलात प्रथमच मुक्कामाला निघाला आहात, तेव्हा सर्वांत आधी काळी नदीचा स्वभाव समजून घ्यावा. वरच्या सुपा धरणातून वीजनिर्मितीच्या गरजेनुसार पाणी सोडले जाते; त्यामुळे आकाश निरभ्र असले आणि सकाळी खडक उघडे दिसले, तरी पात्रातील पातळी वाढू शकते, म्हणून तंबू किंवा चूल पात्रातल्या सपाट जागेवर कधीही मांडू नये. शिवाय या नदीत मगरी आहेत. स्थानिक माणूस सांगेल तेथेच पाण्यात उतरावे आणि अंधार पडल्यावर भांडी धुण्यासाठीही काठावर जाऊ नये. मुलांच्या बाबतीत तर मी याविषयी अत्यंत आग्रही आहे.

आपल्याकडच्या कोरड्या हवेची सवय असलेल्यांना नदीकाठचे दव अनपेक्षित वाटते. सोलापुरी चादर सुती असल्याने ओल धरते, तेव्हा तंबूत खाली जाड प्लास्टिक अंथरावे. सोबत वृद्ध असतील तर लाकडी खोलीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी चांगली टिकते, परंतु माकडे पिशव्या पळवतात, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.