बेळगावजवळच्या खानापूरसारख्या ठिकाणी १५ खाटांच्या दवाखान्यात लहान मुलांच्या इमर्जन्सीचा सिम्युलेशन सराव कसा सुरू करावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: बोलणारा, निळा पडणारा महागडा मॅनिकिन (सरावाचा पुतळा) न घेता हे ट्रेनिंग जमेल का, आणि जमत असेल तर सुरुवात कुठून करायची. जमेल. तो मॅनिकिन तर आत्ता घेऊच नका. आधी तपासायची आहे ती तुमची स्वतःची खोली. सिलिंडरची किल्ली कुठे असते, लहान मास्क कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, रात्री औषध कोण काढणार, कोण लिहिणार? बेळगावच्या स्किल लॅबमध्ये हे कळत नाही. तुमच्याच खाटेवर, तुमच्याच पाळीतल्या माणसांना घेऊन सराव केला की पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

पैसे घालायचेच असतील तर छाती वर उचलली जाते असा बाळाचा साधा सीपीआर मॅनिकिन घ्या. झटक्यांच्या किंवा विंचूदंशाच्या सरावाला बाजारातली बाहुलीही चालते, पण अँबू बॅगच्या (मास्क लावून हाताने दाबत श्वास द्यायच्या पिशवीच्या) सरावाला चालत नाही, कारण हवा आत गेली की नाही हे दाखवणारी छाती तिला नसते. आणि मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ अँबूलाच द्यायला हवा, कारण मुलांचं हृदय बहुतेक वेळा श्वास थांबल्यामुळे थांबतं. मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत बसावा, डोळ्यांवर येऊ नये. छाती जेमतेम उचलेल इतकंच दाबायचं, दोन ते तीन सेकंदांना एक श्वास. घाबरलेला हात भराभर दाबतो, हवा पोटात जाते, पोट फुगून छाती-पोटामधला पडदा वर ढकलला जातो आणि मूल उलटी करतं. यावर उपाय म्हणजे ‘दाब, सोड, सोड’ असं मोठ्याने म्हणत दाबणं. अँबूला ऑक्सिजन साठवणारी रिझर्व्हॉयर पिशवी जोडली आहे का आणि ऑक्सिजन खरोखर चालू आहे का, हे प्रत्येक वेळी बघायला लावा. ऑक्सिजनचा वेग दाखवणारा फ्लोमीटर जोडलेला दिसतो आणि सिलिंडर बंद असतो, हे सर्रास घडतं.

सरावाचा प्रसंग छोटा ठेवा, ८ ते १० मिनिटांचा. एक उदाहरण देतो. तीन वर्षांचं मूल, वजन १२ किलो, दहा मिनिटांपासून झटके, आई दारातूनच ओरडत येते. झटके थांबवणारं मिडाझोलाम स्नायूत द्यायचं, किलोला ०.२ मिलिग्राम, म्हणजे २.४ मिलिग्राम. आता ड्रॉवर उघडायला लावा. आपल्याकडे मिडाझोलाम १ मिलीत १ मिलिग्राम आणि १ मिलीत ५ मिलिग्राम अशा दोन्ही ताकदींत मिळतं आणि कित्येकदा एकाच कप्प्यात पडलेलं असतं. पहिल्यातून २.४ मिली काढायचं, दुसऱ्यातून जेमतेम ०.५ मिली. घाईत उलटं झालं तर पाचपट डोस जातो आणि श्वास थांबतो. म्हणून दोनपैकी एकच ताकद इमर्जन्सीच्या ट्रेमध्ये ठेवा. नाकातून देणार असाल तर ५ वालीच हवी, दोन्ही नाकपुड्यांत निम्मी निम्मी. २.४ मिली नाकात मावतच नाही, घशात उतरतं.

याच मुलाची साखर बघायला टीम विसरते. विसरली तर तुम्ही आठवण करून देऊ नका, नंतरच्या चर्चेत तो मुद्दा घ्या. साखर ६० च्या खाली दाखवायची असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला ५ मिली, म्हणजे ६० मिली लागेल. हाताशी २५ टक्क्याची बाटली असते. तिच्यातून २४ मिली आणि ३६ मिली स्टेराइल वॉटर. हे गणित तोंडी नको, खऱ्या सिरिंजने मिसळायला लावा.

अॅड्रेनालिनचंही तसंच. १ मिलीच्या अॅम्प्युलमध्ये १ मिलिग्राम असतं. एक मिलीत ९ मिली सलाईन घालून मगच कार्डियाक अरेस्टचा (हृदय थांबल्यावरचा) डोस, किलोला ०.१ मिली, म्हणजे या मुलाला १.२ मिली शिरेतून. पातळ न करता तेवढंच दिलं तर दहापट. ॲनाफिलॅक्सिसला (जीवघेण्या ॲलर्जीला) मात्र पातळ न केलेलंच, मांडीच्या स्नायूत, किलोला ०.०१ मिली. हे दोन्ही प्रसंग पाठोपाठ घ्या. गोंधळ होतो तो इथेच.

आपल्या भागासाठी विंचूदंशाचा प्रसंग हवाच. मूल घामाने भिजलेलं, हातपाय गार, नाडी जलद. शॉक समजून टीम किलोला २० मिली सलाईनचा बोलस (भराभर द्यायचा डोस) चालू करते आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रूढ केलेलं प्राझोसिन इथे लागतं, किलोला ३० मायक्रोग्राम. १२ किलोला ०.३६ मिलिग्राम, म्हणजे १ मिलिग्रामची साधी गोळी १० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं ३.६ मिली. हळूहळू सुटणारी गोळी कुटून चालत नाही. फार्मसीत कुठली आहे ते आजच बघा. डोसनंतर मुलाला आडवंच ठेवायचं, उचलून कडेवर घेतलं तर प्रेशर कोसळू शकतं. आईला हे सांगणारं माणूस सरावातच नेमून द्या. सगळे डोस तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून भिंतीवर लावा, वजनानुसार, थेट मिलीत.

भाषेचं एक सांगतो. आपल्याकडे डॉक्टर मराठीत ऑर्डर देतात, बागलकोट-विजयपूरकडून आलेल्या सिस्टर आपसात कन्नड बोलतात. ‘दीड’, ‘अडीच’ गडबडीत चुकीचं ऐकू येतं. डोस दोघांनाही कळणाऱ्या इंग्रजी आकड्यांत सांगा, ‘टू पॉइंट फोर एमएल’, आणि सिस्टरने सिरिंज दाखवत तेच परत म्हणायचं. न म्हटल्यास औषध जाणार नाही, असा नियम करा.

हाडातून सलाईन देण्याचा, म्हणजे आयओचा सराव कोंबडीच्या कच्च्या तंगडीवर चांगला होतो. सुई फिरवत दाबली की अचानक अडथळा संपल्यासारखं वाटतं आणि सुई आधाराशिवाय उभी राहते. ही जाणीव वाचून येत नाही. मांसाला हात न लावणाऱ्या सिस्टरना आग्रह करू नका. त्यांच्याकडे सुई जोडणं, ५-१० मिलीचा फ्लश (सुई मोकळी करायला ढकललेलं सलाईन) आणि सिरिंजने बोलस ढकलणं हे काम द्या. प्रत्यक्ष वेळी ते करणारंही कुणी लागतंच.

चुकल्यावर काय? जॉन्स हॉपकिन्समधल्या एलिझाबेथ हंट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेली पद्धत मला छोट्या दवाखान्यासाठी सर्वात उपयोगी वाटते. चूक दिसली की तिथेच थांबवा, दोन वाक्यांत दुरुस्त करा, दहा सेकंद मागे जाऊन तेच पुन्हा करायला लावा. अँबू, सीपीआर आणि औषध काढणं यांसाठी हीच पद्धत ठेवा. झटके किंवा विंचवासारखा विचार करायला लावणारा प्रसंग मात्र न थांबवता पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतर दुप्पट वेळ चर्चा करा. त्या चर्चेत आधी सर्वात नवी सिस्टर बोलेल, डॉक्टर शेवटी. डॉक्टर आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात आणि खरी अडचण कळतच नाही. सापडलेली प्रत्येक उणीव वहीत लिहा, समोर जबाबदार माणूस आणि तारीख.

सरावाच्या अॅम्प्युल आणि बाटल्यांना लाल पट्टी लावून वेगळ्या डब्यात कुलूपबंद ठेवा. २०१४ मध्ये अमेरिकेत सरावासाठीचं सलाईन चुकून खऱ्या रुग्णांना लावलं गेलं आणि माणसं गंभीर आजारी पडली. खरा रुग्ण आला की सराव त्या क्षणी बंद, हे आधीच ठरवा.

बेळगावला किंवा निपाणीकडून कोल्हापूरला पाठवण्याचाही सराव करा, ॲम्ब्युलन्समध्ये बसून. १५०० लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला १० लिटरने सुमारे अडीच तास पुरतो, पण भरलेला असेल तरच. गेज वाचून उरलेली मिनिटं मोजायला ड्रायव्हरलाही शिकवा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे पुढच्या हॉस्पिटलला फोन निघण्याआधीच झालेला हवा. वय, वजन, काय झालं, काय दिलं, किती वाजता. पहिला सराव रात्रपाळी बदलताना सकाळी घ्या, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं एकदम मिळतील.