आधी शेपटीचे मणके पाहा

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

इक्थिओसॉर या नामशेष सागरी सरीसृपाच्या संपूर्ण सांगाड्याचे वर्णन करण्याचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कवटीपासून करण्याचा मोह होईल, कारण डोळ्याभोवतीचे हाडांचे कडे आणि दातांची रांग सोडून नजर हलत नाही. तरीही माझा आग्रह आहे की तू आधी शेपटीपाशी बसावेस.

तिथे मणक्यांची रांग टोकाकडे एकाएकी खाली वळलेली दिसेल. इंग्लिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1838 साली या वळणाची चर्चा केली, तेव्हा शेपटीला पर, म्हणजे माशासारखा पंख, असावा हे त्यांनी अचूक ताडले, पण वळण मात्र मृत्यूनंतर आले असे मानले. पुढे 1890च्या दशकात जर्मनीतील होल्झमाडेनच्या, शरीराची बाह्यरेषा टिकलेल्या नमुन्यांवरून स्पष्ट झाले की मणके पराच्या खालच्या पाळीत शिरतात आणि वरच्या पाळीला हाडाचा आधारच नसतो.

तुझ्या नमुन्यात बाह्यरेषा नसली, तरी वळणाजवळचा प्रत्येक मणका बाजूने पाहा आणि त्याची वरची व खालची कड कॅलिपरने वेगवेगळी मोज. वरची कड लांब, खालची आखूड, म्हणजे मणका पाचरीसारखा असेल, तर वळण मूळचेच आहे. गाळाच्या दाबानेही मणके वेडेवाकडे होतात, म्हणून धडाचे मणकेही मोज. पाचरीचा आकार फक्त वळणापाशीच सापडला, तरच तो पुरावा मानावा.

माणसाच्या हाताने झालेले फेरफार याहून फसवे असतात. ब्रिटिश म्युझियमने 1834 साली जीवाश्म-संग्राहक थॉमस हॉकिन्स यांच्याकडून घेतलेल्या संग्रहात प्लास्टरने पूर्ण केलेले भाग निघाले होते. वल्ह्यातील, म्हणजे पोहण्याच्या चपट्या अवयवातील, बोटांच्या हाडांच्या चकत्या इतक्या दाटीने बसलेल्या असतात की एखादी नंतर बसवली असेल, तर साध्या डोळ्यांना कळतही नाही, आणि ओळख पटवण्यात त्याच रांगांची मोजणी वापरली जाते. म्हणून दोन्ही वल्ही अतिनील प्रकाशाखाली तपासून घे. भरलेला भाग बहुधा हाडापेक्षा वेगळा चमकतो.

आकृतीत खरे हाड, दाबाने बिघडलेले हाड आणि भरणा वेगवेगळ्या रंगांत दाखव. ती आकृती मला पाठवीपर्यंत वर्णनात प्रजातीचे नाव घालू नकोस.